मंगळवारी अक्का ड्यूटीवर आली

आधीच सांगून टाकतो – भूत, आत्मा, अंगात येणं यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं लिहायला हात धजत नाही. आम्ही बौद्ध. उतारे, लिंबं, गंडेदोरे आमच्या आजोबांनीच घराबाहेर काढले. धुळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात मी अंधश्रद्धेवर चांगलं पाऊण तास भाषण ठोकलेलं आहे. टाळ्याही पडल्या होत्या... त्यामुळे पुढचं लिहिताना जरा लाजच वाटते, पण घडलं ते घडलं.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून. घरात माय, मी आणि माझी मोठी बहीण – अक्का. अक्का दवाखान्यात नर्स होती. अख्ख्या वॉर्डाची सिस्टर, पण अक्का माझी एकट्याची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तेव्हा मला शिकवलं तिनं, आणि मॅट्रिकला गणितात लटकलो तेव्हा बदडलंही तिनंच. अंगात येणाऱ्यांचा तिला भारी राग. वॉर्डात कुणी रुग्णावरून लिंबू उतरवायला लागलं, की ही ते लिंबू हिसकावून घ्यायची आणि सरबत करून त्याच रुग्णाला पाजायची.

अशी बाई कावीळ होऊन दहा दिवसांत गेली. अडतीस वर्षांची होती.

मायनं अन्न सोडलं. दिवसभरात दोन कप चहा, बस्स. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू होत्या. त्या माझ्यासमोर तोंडात टाकायची, पण तब्येत उतरतच चालली. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मी समजावलं, रागावलो, शेवटी रडलोही. आणि एके दिवशी पिठाच्या गिरणीवर तिला कुणीतरी सांगितलं, की शिंदखेड्याच्या अलीकडे एका खेड्यात भिकनआबा म्हणून आहेत, ते गेलेल्या माणसाला बोलतं करतात.

“माले एकडाव तिना आवाज ऐकना शे,” माय म्हणाली. “मंग मी जेवसू.”

काय करणार? भाषण एकीकडे, माय एकीकडे. मंगळवारी कचेरीत तापाचा अर्ज टाकला, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि धुळ्याहून पहिल्या एसटीनं निघालो. कंडक्टर विहाराच्या गल्लीतलाच निघाला. “काय हो, कुठं?” म्हणाला. मी म्हटलं, “दात दुखतोय.” शिंदखेड्याच्या बाजूला दाताला कोण जातं, हे त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

भिकनआबांची बैठक गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. वेळ सकाळी अकराची, चांगलं लख्ख ऊन. अंधार नाही, धूप नाही... शेजारी म्हैस रवंथ करत होती. आबा साठीचे, गोल, हसऱ्या चेहऱ्याचे. उजव्या पायाला एक कळकट पट्टी. समोर आम्ही धरून सात-आठ माणसं. आबांकडची मेलेली माणसं शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायची, हे मला पहिल्या दोन गिऱ्हाइकांतच कळलं. एका म्हाताऱ्याची बायको, जिनं जन्मात अहिराणीशिवाय शब्द काढला नसेल, ती म्हणाली, “नाथ, चिंता करू नका.” म्हातारा बिचारा मागे वळून बघायला लागला, नाथ कोण म्हणून!

आमची पाळी आली. आबांनी नाव विचारलं, डोळे मिटले, जरा डुलले. मग सुरू –

“दादा... मी सुखात आहे. इथे फुलांची बाग आहे, दादा...”

मला हसूच फुटलं. अक्का मला दादा म्हणणार? तिच्या तोंडी माझ्यासाठी ‘येड्या’ सोडून दुसरं नाव नव्हतं. मी मायच्या कानात म्हणणार होतो, “पाहिलं? चल उठ.” तेवढ्यात आबा थांबले. वाक्याच्या मधेच.

त्यांनी डोळे उघडले. आमच्याकडे नाही, खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आणि पदर खोचावा तसं उपरणं कमरेला खोचलं.

“ओ राजे,” आबा म्हणाले. “ही पट्टी कधीची? पोळ्याची?”

दिवाळी होऊन गेली होती. कुणाला कळेना, कुणाशी बोलताहेत.

“पाय नको झालाय का? तसं सांगा ना, म्हणजे आम्हीही मलम फुकट घालवत नाही.”

आवाज आबांचाच होता हं, बिड्या ओढून घोगरा झालेला. बाईचा-बिईचा झाला नाही. पण ते बोलणं... तो ठसका अक्काचा. अडेल पेशंटला अक्का ‘राजे’ म्हणायची. आबा स्वतःच स्वतःला झापत होते, आणि झापता झापता त्यांच्या हातांनी पट्टी भराभर सोडवली. खालची जखम बघून माणसं मागे सरकली. अंगठा काळा पडला होता.

“आज. आत्ता. दवाखाना,” आबा स्वतःच्या पायाला म्हणाले. मग मान वळवून मायकडे पाहिलं.

“अन् माय, तू बीपीन्या गोया ज्वारीना डबामा टाकस, माले समजस नही का? पहिले जेव, मंग गोई ले.”

एवढं बोलून आबा आडवे झाले.

पाणी मारल्यावर उठले, उघडा पाय पाहिला आणि किंचाळले, “कोनी सोडं हाई?” त्यांची बायको आतून धावत आली. “सहा महिनापाईन सांगी ऱ्हायनी मी! आते तरी चला!” म्हणून तिनं त्यांच्या दंडाला धरलं.

परतीच्या एसटीत आम्ही चौघं – आबा, त्यांची बायको, माय आणि मी. त्या बाईनं वाटेसाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. मायनं न विचारता त्यातली अर्धी भाकरी मोडली आणि खायला लागली. महिन्याभरानं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. आबा मात्र भेदरलेले. हळूच मायला विचारतात, “बाई, ती... अजून आहे का इथं?”

माय घास गिळून म्हणाली, “दवाखानामा पोचापर्यंत ऱ्हाई.”

आबांनी उपरणं काढून पायावर पांघरलं.

शुगर प्रचंड निघाली. अंगठा काढावा लागला; डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवसांनी आला असतात तर पाय गेला असता. घरी येऊन मी ज्वारीचा डबा सतरंजीवर पालथा केला. तळाशी गोळ्या. सव्वीस मोजल्या. माय खाली मान घालून बसली होती. गोळ्या जिभेखाली धरून नंतर डब्यात टाकते, हे तिनं एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आबांना भेटायला गेलो. सरळ विचारलं, आमच्या घरातलं तुम्हाला कोणी सांगितलं?

“साहेब,” ते हात जोडून म्हणाले, “मी वीस वर्षं लोकांची माणसं बोलावतो. खरं सांगू? आजवर कोणीच आलं नव्हतं.”

बैठक त्यांनी बंद केली ती कायमची.

मी पुष्कळ डोकं चालवलं. पायाची भीती त्यांच्या मनात असेल, ती अशी बाहेर पडली, हे मान्य. ‘राजे’ म्हणणारी ती एकटीच थोडी होती? पण ज्वारीचा डबा? तिथं येऊन माझं भाषण अडतं. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनानं ऐकेन.

मला रुखरुख आहे ती वेगळीच. अक्का एवढ्या लांबून आली... त्या अनोळखी म्हाताऱ्याशी बोलली, मायशी बोलली, आणि समोर बसलेल्या माझ्याशी एक शब्द नाही. एकदा मी हे मायजवळ बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, “तू धडधाकट व्हता ना. ती कधी बरा माणूसजोडे थांबनी का?”

त्यानंतर बरेच दिवस, घरात कुणी नसलं, की मी मुद्दाम खोकून पाहायचो.