जास्तीचा एक तास

मला दिसत नाही, म्हणून पेपरला लेखनिक मिळतो आणि वर एक तास जास्तीचा. ऐकायला मोठं झकास वाटतं. प्रत्यक्षात बाकीची पोरं पाच वाजता पेपर देऊन निघून जातात आणि तो तासभर अख्खं कॉलेज माझ्यासाठी ताटकळतं. शिपाई दाराशी किल्ल्या वाजवतो. पर्यवेक्षक सर येरझाऱ्या घालतात आणि दर चकरेला विचारतात, झालं का? अरे बाप्पा, झालं असतं तर उठलो नसतो का! तो तास मी कधी पुरता वापरलाच नाही. दर वेळी कसंबसं आटोपून उठायचो.

या खेपेला बी.ए.चा शेवटचा पेपर होता, इतिहासाचा. याच विषयात आधी एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो तर शिक्षण बंद आणि काकाच्या दुकानात फोन उचलत बसायचं, असं घरी ठरलं होतं. ती धास्ती पोटात घेऊनच मी यवतमाळला आलो.

लेखनिक म्हणजे अकरावीतली एक पोरगी. दिग्रसच्या रस्त्याला आत कुठेतरी तिचं गाव. पेपर सुरू व्हायच्या आधी बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडे जायला शेवटची एसटी साडेपाचला. झालं! माझं डोकं त्या एसटीतच जाऊन बसलं. एक उत्तर संपायच्या आत मी दुसरं सुरू करायचो, लढाया मागेपुढे व्हायच्या. ती लिहिता लिहिता थांबून सावकाश सांगायला सांगायची. मला मात्र वाटत होतं, बिचारी माझ्यापायी अडकली, घरी बोलणी खाईल.

पाच वाजले. बाकांचा खडखडाट संपला, वर्ग रिकामा झाला. शेवटचा मोठा प्रश्न राहिला होता, आणि नेमका तोच मला चांगला येत होता. जीव तुटत होता, तरी मी उठलो आणि सरांना सांगितलं, झालं. सर शाब्बास म्हणाले. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या.

पोरगी पेपर सोडेना.

"सर, एक प्रश्न राह्यला," ती म्हणाली. मग हळूच मला, "काहून उठून राह्यले तुमी?"

मी म्हटलं, तुझी गाडी जाईल ना.

"मी आज इथंच मावशीकडे मुक्कामी राहीन म्हणून घरी सांगूनच आली. तुमी मले इचारलं का? पेपराआधी तुमीच सांगत होते, लोकं न इचारता हात धरून रस्ता पार करून देतात, त तुमाले राग येते. मंग माह्या गाडीचं तुमीच कायले ठरवलं?"

माझे कान तापले. सरांनी सुस्कारा सोडून पुन्हा खुर्ची ओढली, तसा मीही खाली बसलो.

"सांगा," ती म्हणाली. "अन् सावकाश सांगा. घाई तुमालेच आहे, मले नाई."