मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासणी संपवली, लाइट लावला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, “आज इथे कसे आलात?”

“मोटरसायकलवर. डोंबिवलीहून.”

“चालवत कोण होतं?”

“मीच.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. काचबिंदू आहे. समोरचं चांगलं दिसतंय म्हणून तुम्हाला कळलं नाही, पण दोन्ही बाजूंची नजर बरीच गेलेली आहे. औषधाने आहे तेवढी टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही. “आणि गाडी बंद. आजपासून.”

खाली आलो तर गाडी बिल्डिंगच्या दारात उभी. तो तिच्याजवळ गेला, हेल्मेट हँडलला अडकवलं, परत काढलं. म्हणाला, “मग आता घरी कसं जायचं?” त्याच्या आवाजात दुःख वगैरे नव्हतं. खरोखर प्रश्न पडलेला. गेली तीस-एक वर्षं या माणसाला घरी जायचं म्हणजे गाडीला किक मारायची एवढंच माहीत होतं. मी रिक्षाला हात केला. गाडी दुसऱ्या दिवशी माझा भाऊ जाऊन घेऊन आला.

मला त्याचं ते गाडीवेड कधी कळलं नव्हतं. आम्ही कॉलेजात एकत्र होतो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. त्याला गाडीवरून चिडवण्यात माझा अर्धा संसार गेला. तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत होता, मी शाळेत भूगोल शिकवते. रविवारी सकाळी सगळी कॉलनी झोपलेली असताना हा गाडी काढायचा आणि नाश्त्याच्या वेळेला परत यायचा. हातात ना भाजी, ना पेपर. कुठे जाऊन आलास म्हटलं की “मुरबाडच्या बाजूला” असं काहीतरी मोघम सांगायचा. तिकडे काय काम होतं विचारलं तर म्हणायचा, “काम असतं तर कशाला गेलो असतो?” मला ते बायकोला टाळण्याचं उत्तर वाटायचं.

गाडी बंद झाल्यावर तो आरडाओरडा करेल, चोरून चालवेल, अशी माझी कल्पना होती. त्याने दोन्ही केलं नाही. सकाळी खाली पार्किंगमध्ये जायचा, गाडी पुसायचा, चालू करून थोडा वेळ उभा राहायचा आणि बंद करून वर यायचा. घोडबंदर रोडला राहणारी आमची मुलगी एकदा आली आणि म्हणाली, “बाबा, विकून टाका ना. उभी राहून गंजेल.”

“हो, विकू या,” तो लगेच म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

एवढ्या पटकन हो म्हणालेला मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी पोळ्या करत होते. हातातलं लाटणं तसंच ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, “विकायची नाही. मला शिकव.”

मुलगी हसली. “आई, तुला? तू स्कूटरवरून मार्केटला जातेस तेव्हासुद्धा मला टेन्शन येतं.”

तो हसला नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाला, “पाय टेकतील. सीट थोडी कापून घ्यावी लागेल.”

रविवारी एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्या बंद असतात आणि आतले रस्ते रिकामे. तिथे आमची शाळा भरायची. तो फुटपाथवर उभा राहायचा आणि मी समोरून जायचे-यायचे. मी जरा बाजूला गेले की त्याला दिसेनाशी व्हायचे, पण ऐकू यायचे. लांबून ओरडायचा, “अगं, इंजिन रडतंय, गिअर टाक!” किंवा “क्लच सोड, क्लच! हळू!” मी दोनदा पडले. एकदा पोटरी सायलेन्सरला लागून चांगलीच भाजली. घरी येऊन मी बर्फ लावत बसले आणि तो खाली बसून पायाकडे बघत म्हणाला, “राहू दे. कशाला हट्ट?” त्या वाक्यामुळेच मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

आणि मग एका सकाळी क्लच बरोबर सुटला. सांगायला काहीच नाही, पण अंगाला कळलं. तोवर मी गाडीला ढकलत होते, गाडी मला ढकलत होती. त्या दिवशी आम्ही एकदम निघालो. दुसरा, तिसरा, आणि वळणावर मी हँडल न वळवता नुसती थोडी कलले तर तीही कलली. मी इतकी दचकले की पुढच्या चौकात थांबून एकटीच हसत बसले.

कल्याणला जाऊन गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला बाकावर बसायला सांगितलं, त्यांना वाटलं मी मुलाबरोबर आले आहे. गाडीवर आठचा आकडा काढून दाखवल्यावर त्यांनी “या वयात कशाला, मॅडम?” असं विचारलं. मी “शिकायचं होतं” म्हटलं. त्याहून चांगलं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही दोघं पहिल्यांदा लांब निघालो. काटई नाक्यावरून खोणीकडे, पुढे नेवाळी आणि तिथून मलंगगडाचा रस्ता. आयुष्यात पहिल्यांदा तो मागे आणि मी पुढे. निघाल्यापासून त्याचं चालू: ट्रक आहे, स्पीडब्रेकर आहे, आता तिसऱ्यात आण, हॉर्न दे. मधूनच त्याचा उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जायचा, तिथे ब्रेक असल्यासारखा. नेवाळी ओलांडल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

“तू चालवतोयस की मी?”

तो उतरला. कापणी झालेल्या शेताकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, “मला मागे बसताच येत नाही गं. हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.”

माझा राग गेला. मी म्हटलं, “माझ्या खांद्यावर ठेव. आणि पुढे बघूच नकोस. मी इतकी वर्षं मागे बसले ती काय तुझ्या पाठीकडे बघत? बाजूला बघायचं.”

बोलून गेले आणि जीभ चावली. बाजूचंच तर त्याला दिसत नव्हतं.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम मोठ्याने हसायला लागला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. “बाजूला बघ म्हणे! अगं, डॉक्टरांची फी फुकट गेली की.”

“मग मान वळवून बघ,” मी म्हटलं. “मानेला काय झालंय?”

पुन्हा निघालो तेव्हा सूचना बंद झाल्या होत्या. खांद्यावरचे हात आधी घट्ट होते, मग सैल झाले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “इथे वीटभट्ट्या आहेत?” मी म्हटलं, पहिल्यापासून आहेत. “मी शंभरदा गेलोय या रस्त्याने,” तो म्हणाला, “कधी दिसल्याच नाहीत.” मग त्याने म्हशींच्या पाठीवरचे बगळे दाखवले, एका अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या दाखवल्या. मला त्यातलं काहीच नीट बघता येत नव्हतं. माझ्यासमोर रस्ता होता, त्यावरची खडी होती, उलट बाजूने येणारा टेम्पो होता.

लोक म्हणतात, गाडीवर मोकळं वाटतं. मला तसं नाही वाटत. उलट इतकं बांधलेलं मला दुसऱ्या कशातच वाटत नाही. दोन हात, दोन पाय, कान, डोळे, सगळे कामाला. पण म्हणूनच डोक्यात बाकीचं काही शिरत नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला काचबिंदू आठवला नव्हता. आणखी एक. मी वर्गात फळ्यावर चढ-उतार काढते, खाडीकडून येणारे वारे बाणांनी दाखवते. पण नदीजवळ आलं की हवा गार होते, झाडं संपली की लगेच तापते, सपाट वाटणारा रस्ता हळूच चढत असतो, हे मला पन्नाशीनंतर अंगाने कळलं. कारच्या काचेआड किंवा मागच्या सीटवर गप्पा मारताना ते निसटून जात असणार.

पुढे त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. नजर थोडी आणखी कमी झाली आणि मग थांबली. डॉक्टरबाई म्हणतात, थांबली हेच खूप. आमचे रविवार चालू राहिले. मग या वर्षी एका सकाळी मी त्याचं हेल्मेट पुढे केलं तर तो म्हणाला, “आज तू एकटी जा.”

“का? बरं नाही वाटत?”

“बरा आहे. मागे मी असलो की तू माझ्यासाठी चालवतेस. खड्डा आला की आधी माझा विचार करतेस, ते मला कळतं. एकदा स्वतःसाठी चालवून बघ.”

मला वाईट वाटलं. वाटलं, कंटाळला. तरी निघाले, शहाड ओलांडून मुरबाड रोडला लागले. सुरुवातीला पाठीशी फार गार वाटत होतं, कोणी नव्हतं ना. रायत्याच्या पुलापर्यंत मी सवयीने सांभाळूनच चालवत होते. पूल ओलांडल्यावर कधीतरी खांदे खाली आले. वळणं आली तशी घेतली. कोणाला काही दाखवायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं. एका टपरीवर चहा प्यायले तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

घरी आले तर तो ओट्यापाशी उभा राहून, मान पूर्ण वळवून-वळवून मिठाचा डबा शोधत होता. पोहे करत होता. मी डबा दाखवला नाही, खुर्चीत बसले. त्याने तो शोधला, पोह्यांवर मीठ टाकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “मजा आली?”

“हो,” मी म्हटलं. “खूप.”

“मग पुढचा रविवार माझा,” तो म्हणाला, आणि दोन बशा काढल्या.