गोविंदाची पायी सहल

शेवटचा पेपर देऊन गोविंदा अमरावतीच्या वसतिगृहात परतला, तेव्हा बाकीची पोरं वळकट्या बांधून सिनेमाला पळाली होती. हा मात्र पेपरच्याच पुठ्ठ्यावर कागद ठेवून आपल्या इंझोरी गावापासून कारंज्यापर्यंतचा रस्ता काढत बसला. कुठं सावली, कुठं पाणी, कुठं भाकरी सोडायची, महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. त्याचे एक प्राध्यापक दर सुटीत बायकोमुलांना घेऊन चिखलदऱ्याच्या डोंगरात पायी हिंडत आणि वर्गात येऊन त्याचं रसभरीत वर्णन करत. आपणही घरच्यांना घेऊन असंच निघायचं, कारंज्यापलीकडं मावशीच्या गावापर्यंत, तीन दिवस, रमतगमत, हे त्यानं ठरवून टाकलं. धाकट्या बहिणीचं, बेबीचं, लग्न जूनमध्ये होतं. चौघांनी मिळून कुठं जायची ही शेवटचीच सुटी.

पत्रानं बेत कळवला. बापाचं, ग्यानबाचं, उत्तर आलं: "ठीक आहे. कशासाठी ते आल्यावर सांग."

गोविंदा घरी पोचला आणि डोक्याला ताप सुरू झाला. ग्यानबा गावच्या शाळेत शिपाई. माणूस भला, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. त्यानं बेत गावभर केला होता. आता कुणी नुसतंच कारंज्याकडं निघालं आहे, तेही एसटी सोडून, हे इंझोरीत कुणाच्या गळी उतरेना. शेजारची रामीबाई पहिल्याच संध्याकाळी मूगडाळीचं गाठोडं घेऊन आली.

"जयभीम बापू. एवढं कारंज्याले माह्या पोरीले पोचवजो."

"काकू, आमी फिराले चाललो."

"हो ना. पायीच चालले ना? मंग वजनाचं काय?"

वजनाचं काय, हे गोविंदाला कॉलेजच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओसरीत डाळ, तिखट, एक दगडी खलबत्ता आणि पाय बांधलेली कोंबडी इतका ऐवज जमला. ग्यानबा एकालाही नाही म्हणाला नव्हता. बेबीचं वेगळंच. तिचं होणारं सासर रस्त्यातच होतं. लग्नाआधी त्या गावातून धुळीच्या पायांनी जायला ती तयार नव्हती, म्हणून दोन कोसांचा वळसा घ्या म्हणत होती.

पण खरा वैताग आईनं आणला. दुर्गाबाई हो म्हणेना की नाही म्हणेना. आधी तिच्या वहाणेचा अंगठा तुटला. गोविंदानं तो शिवून आणला. मग बकऱ्या कोण पाहील, हा प्रश्न निघाला. त्यानं रामीबाईला त्या डाळीचीच आठवण करून देऊन बकऱ्या तिच्या गळ्यात मारल्या. मग टाचांच्या भेगा दुखायला लागल्या. निघायच्या आदल्या दुपारी तो मेण आणि तेल कढवून तिच्या टाचांना चोळत बसला आणि तिथंच त्याचा तोल सुटला.

"आये, तुले यायचंच नाई तं सांग ना. तीन दिवस झाले, एकेकाच्या नाकदुऱ्या काढून राह्यलो मी."

"याचं हाय."

"मंग?"

"पायी नाई याचं."

गोविंदानं कागद तिच्यापुढं आपटला. वाटेतल्या नाल्यापासून पुढच्या आंब्यांपर्यंतचा सरळ रस्ता चालायला किती झकास आहे, ते दात-ओठ खात समजावलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कोणत्या जागेचं सांगतो आहे ते तिला नीट कळलं.

"तेवढा रस्ता आमीच बनवला," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात. तू तवा वाशीमले बोर्डिंगात होता. झुंजूमुंजू इथून चालत जायचं, दिसभर खडी फोडायची, दिस बुडाल्यावर चालत याचं. या भेगा तवाच्याच हायत."

गोविंदानं तिच्यापुढचा कागद मागं ओढला.

"मंग डांबर पडलं, मोटारी पळाले लागल्या. माह्यं कधी जाणंच झालं नाई. मले एक डाव त्याच्यावरून बसून जायचं हाय. खिडकीपाशी."

गोविंदाला आधी रागच आला. हे तीन दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मग त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून तो आणखी चिडला. तेलकट हातांनी तसाच उठून फाट्यावर गेला. चहावाल्या मदनसिंगानं सांगितलं की कारंज्याची गाडी मानोऱ्याहून खचाखच भरून येते, इथं उभं राहायला मिळालं तरी नशीब.

तो परत आला, तेव्हा दुर्गाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"इथून खिडकी भेटत नाई," तो म्हणाला. "गाडी मानोऱ्याहून सुटते. पायटी अंधारात उठून तिथलोक उलटं चालत जावं लागन. चालशीन?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"खिडकी भेटत असन तं चालीन," ती म्हणाली.