मामांच्या पगडीचं दुसरं टोक

सरदारमामा आमच्या भाड्याच्या खोलीत राहायला आले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाईंनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "त्या सरदाराच्या खोलीत बाई हाय. रोज नवी साडी वाळती, पण बाई काय भाईर येत न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. कधी निळी, कधी मोतिया, कधी पिकल्या लिंबासारखी पिवळी. मग एका सकाळी पाहिलं, तर मामा डोक्याला लहान फडकं बांधून अंगणात उभे. कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं त्यांच्या हातात, आणि ते ताणून दुमडत होते. तेवढ्यात गजाची गाठ सुटली. कापड भुईला टेकायच्या आत मी धावले आणि टोक धरलं. परक्या माणसासमोर मी पदर सावरण्यापलीकडं काही करत नसे, त्या दिवशी कशी धावले कुणास ठाऊक.

"धरून ठेवा, सूनबाई," मामा म्हणाले. "साडी न्हाई, पगडी हाय. एकट्याला हिची घडी होत न्हाई."

तेव्हापासून रोज सकाळी मी ते टोक धरू लागले. मामा त्या टोकाला, मी या टोकाला, मधे लांबच लांब कापड. एवढ्या अंतरावर बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं वाटायचं. वारा कापडाखाली शिरायचा आणि अंगणात रंगीत पाणी हलल्यासारखं व्हायचं. कडेला कड लावून झाली की मामा कापड गोळा करत माझ्यापाशी यायचे, टोक घ्यायचे आणि म्हणायचे, "वाहेगुरू भलं करो. चहा झाला का?"

मामा दौंडचे. वडील रेल्वेत होते, जन्मच रेल्वे कॉलनीतला. शेजारच्या भाडेकरूनं एकदा विचारलं, "सरदारजी, आप पंजाब में किधर से?"

"आम्ही ह्याच जिल्ह्यातलं, दौंडचं. तू कुठला?"

"बीडचा."

"मग भाईरचा तू हायस की रं!"

सगळं अंगण हसलं.

कारखान्यात मामा क्रेन चालवत. माझे मालक त्याच शेडमध्ये माल भरायला होते. छताजवळच्या केबिनमध्ये बसून मामा खालचं लोखंड उचलायचे. म्हणायचे, "लोखंड उचलायचं तर झोपल्या लेकरावानी. जागं झालं न्हाई पायजे."

पुढं शेडमध्ये एकाच्या डोक्यावर बोल्ट पडला. सेफ्टीच्या नव्या साहेबांनी नियम काढला, हेल्मेट नसेल त्यानं आत पाऊल टाकायचं नाही. मामांच्या पगडीवर हेल्मेट बसत नव्हतं आणि पगडी उतरवणं त्यांच्या धर्मात नव्हतं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत ठरवा, नाहीतर क्रेन दुसऱ्याला देतो.

त्या संध्याकाळी आमचे मालक त्यांना म्हणाले, "मामा, आठ तास काढून ठेवा की. घरी आल्यावर बांधा. देव काय पंचिंग करतोय व्हय?"

"देव पंचिंग करत न्हाई, तवाच तर त्याच्याकडनं सुट्टी मिळत न्हाई," मामा हसले. मग म्हणाले, "साहेबांचं चुकत न्हाई. लोखंड काय माणूस बघून पडत न्हाई. पण ह्ये डोकं मी लहानपणीच गुरूला देऊन बसलोय. आता आठ तासांसाठी परत कसं मागू?"

सोमवारी केशरी कापड होतं. वारा नव्हता. मामांनी नेहमीसारखं ताणलं नाही, कापड मधे झोळीसारखं लोंबत राहिलं. मी विचारलं, "मामा, उद्या कंचं धुणार?"

मामांनी वर पाहिलं. कापड हळूहळू ताठ झालं.

"निळं," ते म्हणाले.

साहेबांपुढं ते काय बोलले ते मालकांनी सांगितलं. "पगडी उतरणार न्हाई, आन् तुमचा नियम बी मोडणार न्हाई. गेटवर बसवा, झाडू द्या, पण शेडच्या भाईर."

बरेच दिवस मामा गेटवर बसले. आत दुसरा माणूस क्रेन चालवायचा. लोखंड आदळलं की मामा डोळे मिटून पुटपुटायचे, "जागं केलं लेकराला."

लोखंड आदळल्याचा तो आवाज साहेबांच्याही कानावर पडत असणार. एक दिवस ते शेडभोवती फिरून आले. केबिनला वर पक्कं छप्पर होतं, डोक्यावर पडेल असं तिथं काही नव्हतं. अडचण होती ती शेडमधून केबिनच्या शिडीपर्यंत चालत जाण्याची. साहेबांनी बाहेरच्या भिंतीला कठड्याची शिडी लावून घेतली आणि वर पत्र्यात दार पाडलं. त्या दारातून मामा थेट केबिनमध्ये जाऊ लागले.

आमच्या गच्चीवरून ती भिंत दिसते. सकाळी मी ज्या रंगाचं टोक धरलेलं असे, तोच रंग थोड्या वेळानं त्या राखाडी पत्र्यावर चढताना दिसायचा. सासूबाई खालून विचारायच्या, "चढलं का गं पिवळं?" मी मान हलवायची, आणि मला वाटायचं, त्या कापडाचं दुसरं टोक अजून माझ्याच हातात आहे.

मामा रिटायर होऊन दौंडला निघाले, त्या सकाळी पगड्या ट्रंकेत गेल्या होत्या. मी सवयीनं अंगणात जाऊन उभी राहिले.

"आज काय न्हाई, सूनबाई," मामा म्हणाले. मग दोरीवरच्या माझ्या साडीकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी तिचं टोक धरलं. आम्ही घडी केली. या वेळी मी गोळा करत त्यांच्यापाशी गेले.

"दौंडला कोण धरणार?" मी विचारलं.

"सून हाय की. पण ती लई बोलती."

आता नवा क्रेनवाला हेल्मेट घालतो आणि आतूनच जातो. बाहेरची शिडी अजून भिंतीला आहे. संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते, तेव्हा ऊन तिच्यावरून एकेक पायरी वर सरकत असतं, केशरी. ते वरच्या दाराशी पोचेपर्यंत मी हातातलं कापड तसंच ताणून धरते.