रफूवाल्याची तेजी

हां, तर काल कुठवर आलो होतो? मोजणीवाले साहेब फॉर्म घेऊन रफूवाल्याच्या दुकानात शिरले, तिथवर. दर तीन महिन्यांनी देश किती वाढला आणि पुढे किती वाढेल, हे सरकार मोजतं. त्यासाठी काही दुकानं निवडलेली; त्यांत आमचा रफूवाला मोडायचा ‘कपड्यांचा धंदा’ या खात्यात. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी! आत तो, त्याचा दोरी बांधलेला चष्मा आणि छताला टेकलेले लोकांचे जुने कपडे. बाहेरच्या बाकावर मी.

साहेबांनी विचारलं, "पुढच्या तीन महिन्यांत काम वाढेल, तेवढंच राहील, की घटेल?"

"वाढेल की! दणकून वाढेल."

साहेबांनी फॉर्मात ‘वाढेल’वर खूण केली. का वाढेल, हा रकानाच फॉर्मात नव्हता. आणि न विचारलेलं सांगायची रफूवाल्याला सवय नव्हती. जन्म गेला लोकांची भोकं झाकण्यात!

पुढे दोन-अडीच महिन्यांनी पेपरात आलं : देशाची वाढ जोरात, कपड्यांच्या धंद्यात यापुढेही तेजी. तो पेपर नाचवत रफूवाल्याचा जावई आला. चांगली कायम नोकरी, पण डोक्यात भुंगा शिरलेला. शेजारचा रिकामा गाळा घ्यायचा नि तयार कपड्यांचं दुकान टाकायचं. राजीनामासुद्धा लिहून खिशात!

"मामा, उद्या सकाळी देऊन टाकतो. तेजी आहे, छापून आलंय!"

रफूवाल्याची सुई जागच्या जागी थांबली. पोरीचा अख्खा संसार त्या नोकरीवर उभा.

"अहो जावईबापू, ती तेजी म्हणजे मी!"

"तुम्ही?"

"मीच सांगितलं, काम वाढेल म्हणून. नवं घेणं झेपेना की लोक जुनं घेऊन माझ्याकडे येतात. नवे कपडे विकणाऱ्याला विचारा, माश्या मारतोय."

"मामा, तुमच्या एका सुईवर देश चालतो होय?" जावई खो खो हसला.

तेवढ्यात नवा फॉर्म घेऊन साहेब दारात हजर. जावयाने त्यांनाच गाठलं. "साहेब, तेजी खरी ना?"

"शंभर टक्के!" असं म्हणत साहेबांनी पिशवीतून हळूच पँट काढली. दोन्ही गुडघे चाळणी झालेले. "जरा बारीक रफू करा हो. अजून वर्षभर ओढायचीय."

जावयाचं हसू तिथेच सुकलं. त्याने एकदा पँटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खिसा घट्ट दाबून धरला. मी बाकावर पोट धरून हसत बसलो. शेवटी बिचाऱ्याने चाचरत विचारलं, "मग मामा, गाळा नकोच म्हणता?"

"गाळा घ्या की, पण माझ्यासाठी घ्या, मला आता पाय पसरायला जागा लागणारच आहे. तुम्ही नोकरीला चिकटून राहा, आणि तो राजीनामा इकडे द्या, साहेबांची पँट गुंडाळायला कागद हवाच होता."