अण्णांच्या उशाशी भंडारा

मला पहिला संशय आला तो एसीचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आतड्याच्या ऑपरेशननंतर हडपसरच्या एका हॉस्पिटलात पडून होते. मानेतून एक नळी थेट मोठ्या शिरेत घातलेली, सगळी औषधं तिथूनच जायची. आठवड्यानं त्यांना अशी हुडहुडी भरली की कॉट वाजायला लागली. अँटिबायोटिक बदललं तरी ताप हटेना. मग रक्ताचा रिपोर्ट आला.

"रक्तात यीस्ट सापडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाव फुगवायला वापरतात ना, त्या जातीची बुरशी. रक्तात क्वचितच दिसते. पण इतक्या अशक्त माणसाच्या जिवावर बेतू शकते."

आईनं माझा दंड धरला तो सोडेचना. आणि माझं डोकं सुरू झालं. माणसाच्या रक्तात पावाची बुरशी येईलच कशी? कुणीतरी आणून घातली असणार! एसीच्या जाळीत काळं काहीतरी दिसत होतं, त्याचा फोटो काढला. सिस्टर हात धुवायला लागल्या की मी मनात आकडे मोजायचो. शेजारच्या कॉटवरच्या काकांना त्यांची बायको रोज इडल्या आणायची. आंबवलेलं पीठ! मी त्या डब्यावर नजर ठेवून.

"खाणार का बाळा?" काकूंनी विचारलं.

"नको, उपास आहे."

"मंगळवारी सांगितलंस तेव्हाही होता."

एरवी मी आईला हसवायला डॉक्टरीणबाईंची नक्कल करायचो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तिरकी, "बघूया हं." त्या दिवशी सुरुवात केली तर आई म्हणाली, "गप बस."

राउंडला मी फोटो पुढे केला. बाईंनी झूम करून पाहिला.

"फोटो छान आलाय. पण आपली बुरशी एसीवाली नाही." मग टेबलावरची रिकामी पुडी उचलली. "जुलाबासाठी ही पावडर दिली होती. कोण फोडतं?"

"मी."

"कुठे?"

आईनंच कौतुकानं सांगितलं, "इथंच, उशाशी. येळकोट करतो ना हा! त्याशिवाय ह्यांच्या घशाखाली औषध उतरत नाही."

आमचं कुलदैवत खंडोबा. तालुक्याच्या शाळेत असल्यापासून गॅदरिंगला वाघ्या मीच. शर्टाच्या खिशातली पुडी काढून दातानं फाडायची, "येळकोट येळकोट" म्हणत चिमूटभर अण्णांच्या डोक्यावरून उधळायची, उरलेली पाण्यात. अण्णा पोट दाबून हसायचे, "थांब की लेका, टाकं तुटत्याल!" पहिल्याच दिवशी सिस्टरनी बजावलं होतं, पुडी बाहेर बेसिनपाशी फोडा, हात धुऊन आत या. मी त्यांचीही नक्कल केली होती. आवाज अगदी हुबेहूब.

बाईंनी कॉटच्या दांडीवर बोट फिरवलं. पांढरं झालं.

"ह्या पावडरीत तेच जिवंत यीस्ट असतं. पोटात काम करतं. मानेतल्या नळीतून रक्तात गेलं तर हे."

"एवढ्याशा चिमटीनं?" मला आता त्यांचाच संशय यायला लागला होता. हॉस्पिटल आपली बाजू सावरणारच ना!

"चिमूटही खूप झाली. दोन्ही यीस्ट जुळवून बघू, मग खात्रीनं सांगेन. तोवर पुडी बंद. नळी आत्ताच काढतोय."

यीस्ट जुळलं. रिपोर्ट मी तीनदा वाचला, नाव दुसऱ्याच पेशंटचं असेल म्हणून. अण्णांचंच होतं.

बुरशीचं औषध चालू झालं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि अण्णांनी डोळे किलकिले केले.

"का रं, आज भंडारा न्हाय व्हय?"

मी हात वर केला, नुसताच, रिकामा. कॉटपाशी पोचायच्या आत आईनं मनगट पकडलं, तळवा खिडकीकडे वळवून निरखला.

"धुतलेस?"

"हो गं."

"पुन्हा धू."

मी बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावला. परत आलो तर आई माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती.