नेलूनं वरात कुठून नेली

नेलूच्या व्हायोलिनशिवाय त्या गावात कुणाचं लग्न लागलं नाही की कुणाचं मयत निघालं नाही. तरी जेवायच्या वेळी त्याचं ताट मागच्या अंगणात, सरपणाच्या ढिगापाशी. वाजवायला पुढं, जेवायला मागं. गाज्यांची, म्हणजे रोमा (जिप्सी) नसलेल्यांची, रीतच तशी.

पण गाज्यांची आणखी एक रीत होती. चर्चमधून वरात आल्या वाटेनं परत न्यायची नाही. दुसरी वाट वाजवणारा धरेल ती. वाजप चालू असताना थांबायचं नाही आणि वाजवणाऱ्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, नाहीतर नवरीचं नशीब फुटतं.

नेलू राहायचा ओढ्याकाठच्या रोमा आळीत. तिथं रस्ता नव्हता, चिखल होता. हिवाळ्यात त्याच्या बायकोला, साफ्ताला, दम लागला तर डॉक्टरची गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबली. साफ्ताचा भाऊ तोदोर डबल बास वाजवायचा. त्यानं बास उचलतात तसं तिला पाठीवर घेतलं.

"बासला निदान खोळ तरी असते," साफ्ता धापा टाकत म्हणाली.

सरपंच वालेरियू दर निवडणुकीला आळीच्या रस्त्यावर खडी टाकायची शपथ घ्यायचा. वसंतात त्याच्या थोरलीचं लग्न ठरलं. सुपारी घ्यायला गेलेल्या नेलूनं रस्त्याचा विषय काढला.

"तू वाजवायचं बघ," सरपंच म्हणाला. "रस्त्याचं मी बघतो."

घरी येऊन नेलूनं साफ्ताला सांगितलं, "बघतो म्हणालाय. मग दाखवायला नको?"

लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस झाला. नेलू खूश.

चर्चमधून वरात निघाली. सगळ्यांना वाटलं गिरणीकडून जायचं, पण नेलू डावीकडं ओढ्याच्या उताराला लागला.

"ए, कुठं निघालास?" सरपंच मागून ओरडला.

नेलूनं लय वाढवली. बास पट्ट्यानं गळ्यात अडकवून तोदोर धापा टाकत होता. "दाजी, हा आपल्याला जिवंत सोडायचा नाही."

"वाजव. सूर थांबला की हे माघारी फिरलेच म्हणून समज."

सरपंच पुढं धावणार, तोच त्याच्या सासूनं कोट धरला. "वाजवणाऱ्याच्या पुढं जातोस? पोरीचा संसार मोडायचाय का तुला?"

मग सगळी वरात चिखलात उतरली. करवल्यांचे झगे गुडघ्यापर्यंत काळे. नवरीनं सँडल हातात घेतले आणि हसत नाचायला लागली. बाप मात्र ओढ्याच्या वळणावर रुतला. पाय निघाला, बूट राहिला. पुढं तो मोजा घालूनच चालला.

साफ्ता उंबऱ्यावर बसली होती. "या सरपंच. गाडी नाही आणलीत?"

सरपंचानं नेलूला गाठलं. "तुला दाखवतो मी."

"रीत तुमचीच आहे," नेलू हनुवटीखालचं व्हायोलिन न काढता म्हणाला. "आम्ही फक्त वाजवतो."

आठवड्याच्या आत खडी आली. पण कशी? सरपंचाचा बूट जिथं रुतला, त्या वळणापर्यंतच. साफ्ताचं दार अजून चार घरं पुढं.

तोदोर दारात येऊन शिव्या घालत राहिला. नेलू निवांत व्हायोलिनच्या गजाला राळ घासत होता.

"ओरडू नको," तो म्हणाला. "त्याची धाकटी केवढी झाली असेल?"

"लग्नाची झालीय," साफ्ता आतून म्हणाली. "परवाच पाववाल्याच्या पोराबरोबर दिसली."